मगदुमांची पाठ

मंगल कार्यालयाच्या दारावर आदल्या दिवशीच्या लग्नाची झेंडूची तोरणं तशीच होती. आत नवरा-नवरीच्या लाल खुर्च्या भिंतीकडं सरकवलेल्या, आणि हॉलच्या मधोमध, जिथं पंगती बसतात, तिथं आठ कोपऱ्यांचा जाळीचा पिंजरा उभा केलेला. दुपारचे तीन वाजले होते. पंखे फिरत होते, वारा लागत नव्हता. माझी सून राजश्री 'वधूपक्ष' लिहिलेल्या खोलीत हाताला पट्ट्या बांधून घेत होती. तिच्याशी लढणारी नाशिकची पोरगी समोरच्या 'वरपक्ष' खोलीत.

"आई, तू इथं बस. इथनं नीट दिसतंय," धैर्यशील म्हणाला. धैर्यशील माझा एकुलता एक. त्यानं मला पहिल्या रांगेत बसवलं, हातात पाण्याची बाटली दिली.

"हे काय कोंबड्यांसाठी?"

"पिंजरा म्हणतात त्याला. खेळणारे बाहेर पडू नयेत म्हणून जाळी."

"आमच्या मैदानात गडी बाहेर गेला तर कानाला धरून आत आणायचे. जाळी लागत नव्हती."

चार दिवस तो माझ्याशी फार जपून बोलत होता. बायको जिंकावी म्हणून नवस बोलला होता, आणि ते मला कळू नये म्हणून धडपडत होता. मला कळलं होतं. इचलकरंजीपासून सहा मैलांवर आमचं गाव, तिथं माझ्यापासून काही लपत नाही.

आमच्या गावात मगदुमांची तालीम म्हटलं की वाट कुणाला विचारावी लागायची नाही. ती आमच्या मालकांची. मालक जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. चाळीस वर्षं मी त्या तालमीसाठी बदाम वाटले, थंडाई घोटली, पैलवानांचे लंगोट वाळताना बघितले, पण तालमीच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवला नाही. बाईनं लाल मातीत जायचं नसतं, हा आमच्याकडचा रिवाज. दारात उभं राहून आतली कुस्ती ऐकायची. नुसतं ऐकून मला कळायचं कोण वर आहे, कोण खाली. मातीवर पाठ पडल्याचा आवाज वेगळा असतो.

राजश्रीला मी स्वतः पसंत केली होती. तिच्या गावच्या उरुसात पोरींच्या कुस्त्या लावल्या होत्या. काळ बदलला होता, पोरी मातीत उतरायला लागल्या होत्या. हिनं आपल्यापेक्षा वीतभर उंच पोरीला ढाकेच्या डावावर उचलली आणि अशी आपटली की मी तिथंच म्हटलं, ही माझ्या घरात येणार. तिच्या बापाला म्हटलं, मला दागिने नकोत, भांडी नकोत, हे खांदे द्या. असल्या खांद्यांच्या पोटी नातू कसे होतील, हा माझा हिशोब होता.

लग्न झालं तशी तिची कुस्ती थांबली. मी थांबवली. ती चार वर्षं खालच्या मानेनं राबली. नातवाचं काही चिन्ह नव्हतं. मी ते रोज एकदा तरी बोलून दाखवायची. तीसुद्धा माझीच सवय.

मग एका दिवशी कळलं की बाईसाहेब दुपारी शिवणाच्या क्लासला म्हणून इचलकरंजीला जातात, त्या शिवण शिकतच नाहीत. बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये फिरोज मुलाणी नावाचा एक गडी मारामारी शिकवतो, तिथं जातात. पाच महिने चाललं होतं. धैर्यशीलला ठाऊक होतं. तोच मोटरसायकलवरून सोडत होता.

मी दोघांना सोप्यात उभं केलं.

"शिवण किती झालं बघू," मी म्हटलं.

राजश्रीनं मान वर केली. चार वर्षांत पहिल्यांदा. "आत्याबाई, मला खेळायचंय. सर पुण्याला मोठं केंद्र काढणार आहेत. तिथं मला न्यायचं म्हणतात. यांचीपण दूध संघातली बदली पुण्याला होईल."

"म्हणजे सगळं ठरलंय. मला फक्त कळवायचं राहिलं होतं."

"तुम्ही नाही म्हणाला तर नाही," ती म्हणाली.

आता हे बोलणं साधं दिसतं, पण त्यात डाव होता. नाही म्हटलं तर पोरगा माझ्याकडं आयुष्यभर कसा बघेल, ते मला दिसत होतं. घरातून माणूस ओढून नेला तर परत आणता येतो. मन मारून ठेवलेला माणूस घरात असून नसल्यासारखा.

म्हणून मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात तुझी लढत आहे म्हणे. मी येते बघायला. जिंकलीस तर दोघं खुशाल पुण्याला जावा, मी वेशीपर्यंत सोडायला येईन. हरलीस तर पुन्हा या खेळाचं नाव नाही आणि मी जिवंत असेपर्यंत हे घर सोडायचं नाही. बोल."

धैर्यशील मध्ये पडायला गेला. तिनंच त्याला हातानं थांबवलं.

"शब्द, आत्याबाई."

"मगदुमांच्या घरात शब्द माती कपाळाला लावून देतात."

ती तालमीत गेली. चिमूटभर माती आणली, कपाळाला लावली. मी ज्या उंबऱ्याच्या बाहेर चाळीस वर्षं उभी राहिले, तो ती चपला काढून सहज ओलांडून गेली. आत काही झालं नाही. छप्पर कोसळलं नाही.

लढतीच्या आठवडाभर आधी फिरोज मुलाणी मला भेटायला घरी आला. कान मोडलेले, नाक एका बाजूला गेलेलं, पण बोलायला मऊ. पोरगा मूळचा पैलवानच होता.

"आक्का, तुम्हाला खेळ समजावून सांगावा म्हणून आलोय. नुसतं बघितलं तर मारामारी वाटते."

"मग काय भजन आहे?"

तो हसला. "मुठी, लाथा, गुडघा, कुस्ती, सांधा मुरगळणं, गळा आवळणं. सगळं एकाच खेळात. तीन फेऱ्या, तीन-तीन मिनिटांच्या."

"मग वर्ज्य काय?"

"डोळ्यात बोट घालायचं नाही, चावायचं नाही, केस ओढायचे नाहीत, डोक्याच्या मागं मारायचं नाही."

"भावकीच्या भांडणापेक्षा बरं आहे की."

"आक्का, तुम्ही पिंजऱ्यात उतरला तर मी पंच व्हायला तयार नाही."

पोरगा मला आवडला, खोटं कशाला बोलू. मी त्याला दुसरा चहा दिला.

"बरं, माणूस हरतो कधी?"

"बेशुद्ध पडला तर. सहन होईना म्हणून हात आपटला तर. नाहीतर शेवटी तीन पंच गुण मोजून सांगतात."

"आणि पाठ लागली की? मातीत तर तिथंच हार."

"पाठ लागली तर काही नाही, आक्का. इथं पाठीवर पडून निम्मा खेळ चालतो. खालच्यानं वरच्याच्या कमरेला पायांची मिठी मारायची, डोकं छातीशी ओढून धरायचं. वरच्याला काही करता येत नाही. लोकांना वाटतं खालचा हरतोय."

"पाठीवर पडून जिंकायचं," मी म्हटलं. "आमचे मालक हे ऐकायला नाहीत ते बरं झालं."

तासभर बसला तो. धैर्यशीलला खाली झोपवून मला एकेक दाखवत होता. राजश्री चुलीपाशी भाकऱ्या थापत होती आणि चोरून आमच्याकडं बघत होती. सासू खेळ समजून घेते आहे म्हणून तिचा चेहरा असा फुलला होता की त्या रात्री तिनं मला पायाला तेल लावू का म्हणून आपणहून विचारलं.

तर ती दुपार. गावातून दोन टेम्पो भरून माणसं आली होती. निम्मी राजश्रीला बघायला, निम्मी मी काय बोलते ते ऐकायला. लाऊडस्पीकरवर तिचं नाव पुकारलं. राजश्री धैर्यशील मगदूम. वधूपक्षाच्या खोलीतून ती आली तेव्हा केसांच्या बारीक वेण्या घट्ट बांधलेल्या, तोंडात दातांचं रबर, हातात बोटं उघडी असलेले लहान हातमोजे. जाळीच्या दारापाशी थांबली, वळून माझ्याकडं आली आणि वाकून पाया पडली. हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

"सांभाळून," मी म्हटलं.

समोर मिताली तांबे, नाशिकची. सडपातळ, लांब हातापायांची, डोळे थंड. मी बघताक्षणी ओळखलं, ही घाईची नाही.

पहिली फेरी राजश्रीची. दोन ठोसे खाल्ले, भुवईपाशी फुटलं, पण तिसऱ्याला खाली वाकून तिनं मितालीचे दोन्ही पाय कवळले आणि उचलून आपटलं. आमची माणसं उठून उभी राहिली. धैर्यशीलनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. दुसरी फेरीही तिचीच. भुवईचं रक्त मितालीच्या गालावर लागलं होतं, कुणाचं कुठलं कळत नव्हतं. फेरी संपली तेव्हा फिरोजनं जाळीतून बोट वर करून मला खूण केली. दोन्ही आपल्या.

धैर्यशील कानाशी म्हणाला, "आई, आता नुसती उभी राहिली तरी जिंकली."

"हो," मी म्हटलं.

तिसऱ्या फेरीत दोघी दमल्या होत्या. राजश्रीनं लाथ मारली, मितालीनं ती पकडली, आणि राजश्री सरळ मागं पडली. पाठीवर. आवाज आला. मिताली तिच्या अंगावर. पण राजश्री घाबरली नाही. सरांनी शिकवलेलं तिनं शांतपणे केलं. दोन्ही पाय मितालीच्या कमरेला घातले, घोट्यात घोटा अडकवला, तिचं डोकं छातीशी आवळलं. मिताली बरगडीत ठोसे मारत होती, पण ठोशात जोर नव्हता.

"शाबास," फिरोज जाळीला तोंड लावून सांगत होता. "अशीच राहा. काही करू नको. पन्नास सेकंद राहिलेत."

भिंतीवर आकडे उलटे पळत होते. पन्नास. अठ्ठेचाळीस. धैर्यशील रडायला लागला होता.

मी उभी राहिले.

माझा आवाज शेताच्या या टोकाकडून त्या टोकाला जाणारा आवाज आहे. मी म्हटलं, "राजश्री, मगदुमांची पाठ लागली गं. सगळं गाव बघतंय. उलटी हो."

तिनं मितालीच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं. अगदी लहान पोरीसारखं बघितलं. मग मला तिचे घोटे सुटताना दिसले.

"नको," फिरोज ओरडला. "राजश्री, नको. माझं ऐक."

पण ती वळली होती. पालथी झाली, पाठ वाचवली. मातीत असती तर वाचलीही असती. मिताली तिच्या पाठीवर चढली, पाय पोटाखालून अडकवले आणि उजवा हात हनुवटीखालून गळ्यात घातला. सगळं इतकं सावकाश झालं, जसं काही स्वयंपाकघरात कुणी पीठ चाळत असावं.

राजश्रीचा डावा हात वर आला. बोटं पसरली. आता आपटेल असं सगळ्यांना वाटलं. हात हवेत थांबला आणि मग तिनं तो गादीवर नुसता ठेवून दिला, सपाट, जशी जेवायला बसल्यावर बाई पानाशेजारी हात टेकते. तो तिथंच राहिला. पंचानं मितालीला ओढून बाजूला केलं तेव्हा राजश्रीचे डोळे अर्धे उघडे होते आणि त्यात कुणी नव्हतं.

डॉक्टरनं तिचे पाय वर धरले. मला आत सोडलं. पिंजऱ्यात पाय ठेवणारी मी गावातली पहिली म्हातारी असेन. मी तिच्या डोक्याशी बसले. थोड्या वेळानं तिनं श्वास ओढला, इकडं तिकडं बघितलं, मला ओळखलं.

"आत्याबाई," ती म्हणाली. आवाज फाटलेला. "पाठ लागली नाही नव्हं?"

"नाही लागली," मी म्हटलं.

ती हसली. दातांवर रक्त होतं.

परतताना टेम्पोत सगळी मला सांभाळून घेत होती. सरपंचांची बायको म्हणाली, "जाऊ दे, आक्का. तुम्हाला काय ठाऊक असणार नव्या खेळातलं? जुन्या सवयीनं तोंडातनं गेलं." मी मान हलवली. आयुष्यात एकदाच मी स्वतःला अडाणी म्हणवून घेतलं. राजश्री धैर्यशीलच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती आणि तो सगळ्या वाटेत खिडकीबाहेर बघत होता.

लढतीनंतर बाराव्या दिवशी फिरोज आला. बसलाही नाही, सोप्यातच उभा राहिला.

"आक्का, हार-जीत चालत असते. पोरगी सोन्यासारखी आहे. तिला पाठवा पुण्याला."

"शब्द झालाय."

"एका आरोळीवर गेली लढत. पन्नास सेकंदांवर."

"म्हातारी आहे मी. सवयीनं ओरडले."

पोरगा मऊ होता, पण मूर्ख नव्हता.

"सवयीनं नाही, आक्का," तो हळू म्हणाला. "त्या दिवशी मी निघताना तुम्ही मला फाटकापाशी विचारलंत. 'समजा मलाच हिला हरवायचं असलं तर काय करू?' मला वाटलं तुम्ही चेष्टा करताय. मी हसत हसत सांगितलं, पैलवानाची एक खोड जात नाही, पाठ वाचवायला पालथा होतो आणि गळा देतो. ती खोड मोडायला मला पाच महिने लागले, हेही मीच सांगितलं. कुणी ऐन वेळी पाठीची आठवण करून दिली तर संपली, हेसुद्धा."

मागं कपबशी वाजली. राजश्री दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. गळ्यावरचा काळानिळा पट्टा अजून गेला नव्हता. तिच्या मागं धैर्यशील, आंघोळ करून आलेला, खांद्यावर टॉवेल.

"आत्याबाई," ती म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं?"

खोटं बोलता आलं असतं. पण मी माझ्या घरात, माझ्या सोप्यात, घरातल्या कुणाला भिऊन खोटं बोलले नाही कधी.

"होतं."

ती दोन पावलं पुढं आली. फिरोजला कप दिला, मला दिला. "साखर बघा, सर," ती म्हणाली. "यांच्याकडं कमी घालतात."

धैर्यशीलनं टॉवेल खाली टाकला. "राजश्री, बॅग भर. आत्ताच्या आत्ता निघायचं."

"तुम्ही जावा," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? हा काय शब्द झाला? फसवलंय तुला."

"ओरडल्या त्या. वळले मी."

तो सकाळ-संध्याकाळ महिनाभर तिच्या पाया पडला म्हणायला हरकत नाही. ती हलली नाही. शेवटी त्याची बदली आली आणि तो एकटा गेला. माझ्या पाया न पडता गेला. पहिली दोन वर्षं दिवाळीला यायचा, चार दिवस राहायचा, माझ्याशी लागेल तेवढं बोलायचा. मग नुसत्या फोनवर आला. घरातून जाऊ नये म्हणून मी ज्याला धरून ठेवायला गेले, तो गेला, आणि जिला धरली, ती राहिली.

नऊ वर्षं झाली याला. तीन वर्षांपूर्वी मी न्हाणीत घसरले, खुबा मोडला. तेव्हापासून खाटेवर. राजश्री मला उचलते, न्हाऊ घालते, कुशीवर वळवते. त्या खांद्यांना मी म्हणजे काहीच नाही. विशीत घरात आलेली पोरगी आता तेहेतीस-चौतीसची झाली. तालमीत गावातल्या पोरी शिकायला येतात, त्यांना ती शिकवते. गावाबाहेर एक रात्र राहिलेली नाही. बापाच्या तेराव्यालासुद्धा संध्याकाळच्या गाडीनं परत आली.

माझ्याशी ती एकही शब्द वावगा बोललेली नाही. आत्याबाई, पाणी. आत्याबाई, गोळी. एवढंच. मी टोमणे मारून बघितले, शिव्या देऊन बघितल्या. ती पदर सारखा करते आणि कामाला लागते.

गेल्या महिन्यात मला ताप आला होता. उतरल्यावर काय वाटलं कोण जाणे, मी तिला हाक मारली.

"राजी, जा तू पुण्याला. धैर्याकडं जा, नाहीतर त्या फिरोजकडं जा. मी मोकळी करते तुला."

ती खाटेशेजारी बसून दुधात भाकरी कुस्करत होती.

"तुम्ही मोकळी करून चालत नाही, आत्याबाई. हरले मी आहे."

"मग कधी जाणार गं?"

"ठरलंय की आपलं," ती म्हणाली. "तुमच्यानंतर." आणि तिनं घास माझ्या तोंडाशी धरला.

मी तिच्या डोळ्यांत बघितलं. राग नव्हता. तिथं नाशिकच्या पोरीसारखं काहीतरी होतं. घाई नव्हती.

वेळेवर जेवायला घालते. मीठ कमी, तूप एक चमचा, गोळ्या घड्याळ लावून. परवा डॉक्टर तपासून गेला. म्हणाला, आक्का, सुनेनं असं सांभाळलंय की तुम्ही शंभरी गाठताय.

राजश्री दारात उभी राहून ऐकत होती. तिला ऐकू जाईल असं मी म्हटलं, "गाठणारच."